डबा तरी सुखाने खाऊ द्या

अकरा पन्नासला कर्नाटक सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या, फिजिक्स पेपरची शेवटची घंटा झाली. ओएमआर, म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका, दिली, तिची आपल्याला मिळते ती खालची कॉपी घडी करून प्रश्नपुस्तिकेत सारली आणि बाहेर आले. आई कंपाउंडच्या भिंतीलगत आंब्याखाली पेपर अंथरून बसली होती. दहीभात, लोणचं आणि बाटलीत कोकम. पहाटे चारला उठून केलेलं सगळं, कारण खानापूरकडून बेळगावला यायचं तर पहिली बस धरावी लागते आणि वर तिथल्या दुसऱ्या रेल्वे गेटात अडकायची धास्ती असते ती वेगळीच. केमिस्ट्री अडीचला. मध्ये दोन तास चाळीस मिनिटं. जेवायचं, थोडं आडवं व्हायचं, रिॲक्शनची वही एकदा चाळायची, एवढंच माझं ठरलेलं.

पहिला घास हातात होता आणि डोक्यावरून आवाज आला, "काय गे, चोविसाव्याला काय लिहिलीस?"

वर्गातल्या एका मुलाचे बाबा. हातात वही, तिला पट्टीने रकाने आखलेले. कानाला लाल पेन. चार-पाच पोरांची उत्तरं आधीच उतरवून झाली होती. मी म्हटलं, काका, आता नको, जेवतेय. तर म्हणाले, "तू जेव की, मी बघतो." आणि माझी पुस्तिका उचलून, आतली कॉपी काढून, माझ्या शेजारीच फतकल मारून बसले. न विचारता! मग मोठ्याने सुरू. "आमच्याचं सी, हिचं ए. आमच्याचं डी, हिचं बी. हे जुळलं. हे नाही." आणि प्रत्येक न जुळलेल्या उत्तरापुढे लाल फुली. माझ्या कॉपीवर! वर्षभर जपून ठेवा असं जिच्याबद्दल सांगतात त्या कागदावर लाल पेनाने फुल्या मारल्या त्या माणसाने. विसापर्यंत आले आणि थांबले. "सहाच जुळतात गे." आजूबाजूच्या सगळ्या आया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मग जाता जाता धीर देऊन गेले, "असू दे, केमिस्ट्रीत भरून काढ."

आईने काही न बोलता डब्याचं झाकण लावलं. मी चार घाससुद्धा खाल्ले नव्हते.

विसात सहा म्हणजे साठात अठरा. हा हिशेब घेऊन मी अडीचला आत बसले. तेव्हा मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ऐंशी मिनिटांत साठ प्रश्न, त्यातली पहिली दहा मिनिटं मी फिजिक्सच्या अठरावर घालवली. को-ऑर्डिनेशन कंपाउंडचा सरळ प्रश्न, 'इनकरेक्ट' विधान निवडायचं होतं, मी 'करेक्ट' वाचून गोल काळा करून मोकळी झाले. बॉलपेनने केलेला गोल पुसता येत नाही. असले तीन गेले. येणारे, पाठ असलेले तीन मार्क गेले.

आणि संध्याकाळी बसमध्ये आईच्या मोबाईलवर त्या मुलाच्या पुस्तिकेचा फोटो आला, तेव्हा कळलं काय? त्याचा व्हर्जन कोड वेगळा. वेगळा! त्याचा चोविसावा तो माझा चोविसावा नव्हताच. सीईटीत पुस्तिकांचे वेगवेगळे कोड असतात, प्रश्न तेच पण क्रम बदललेला, हे बारावीचं कुठलंही पोर सांगेल. पहिल्या पानावर छापलेलं असतं. वहीत रकाने आखणाऱ्या माणसाला तेवढा एक रकाना आखायला सुचलं नाही. घरी येऊन प्रश्न वाचून एकेक जुळवला, तर त्याच विसांतले सतरा आमचे सारखे होते. सतरा! मी ज्या अठरासाठी केमिस्ट्री घालवली ते अठरा कधी नव्हतेच.

त्या काकांना फोन करून सांगावं म्हटलं तर आई म्हणते, जाऊ दे, मोठे आहेत. मोठे आहेत म्हणूनच सांगायला पाहिजे.

आणि हे एकट्या त्या काकांचं नाही. माझ्या क्लासच्या ग्रुपवर साडेबाराला उत्तरांची 'फायनल की' आली. एकला दुसरी आली. घरी पोचेपर्यंत तिसरी. तिन्हींवर 'फायनल'. अरे, परीक्षा प्राधिकरण स्वतः आधी तात्पुरती उत्तरं जाहीर करतं, हरकती मागवतं, मग अंतिम करतं. 2024 च्या सीईटीत 50 प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून शेवटी वगळावे लागले. त्या 50 प्रश्नांवरून झाडाखाली किती पोरं रडली असतील, किती जणांनी दुसऱ्या दिवशीचे पेपर घालवले असतील, ते कोण मोजणार? त्याच वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेत अणूवरच्या एका प्रश्नाला आधी दोन पर्याय बरोबर धरले होते. सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तिघा तज्ज्ञांना बसवलं, तेव्हा एकच बरोबर ठरला. परीक्षा 5 मेला, निर्णय 23 जुलैला. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टापर्यंत जाऊन जे ठरलं, ते तुम्ही आंब्याखाली वीस मिनिटांत ठरवता?

'इझी होता' म्हणणारे तर मला डोळ्यांसमोर नको वाटतात. घंटा वाजल्यावर जिन्यावरच सुरू होतात. आणि ते दुसरे, जे आपलं उत्तर छातीशी धरून बाकीच्यांचं विचारत हिंडतात. आज जिन्याजवळ एक मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती, तिच्यामागे तिची मैत्रीण विचारत होती, "पण तू नक्की बी लिहिलीस का?" तिला पाणी दे की आधी!

घरी आले तर फोन सुरू. आत्याला मार्क पाहिजेत. अगं आत्या, रँक पीयूसीचे, म्हणजे बारावीचे, निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरून लागते, आज काय सांगू? कोल्हापूरचा चुलतभाऊ त्याचं महाराष्ट्र सीईटीतलं पर्सेंटाइल आणि माझे मार्क शेजारी ठेवून बघतो. त्यांच्याकडे वेगवेगळ्या शिफ्टला वेगवेगळे पेपर, आमच्याकडे सगळ्यांना एकच, तरी तुलना पाहिजेच. मग माझे काका म्हणणार, सीमाभागातल्या 865 गावांतल्यांना तिकडे महाराष्ट्रात जागा असतात, तिकडचीच सीईटी द्यायची होतीस. दहावीच्या एसएसएलसीला हेच, पीयूसीला हेच. दरवेळी कुणीतरी माझ्या पानावर लाल पेन घेऊन बसलेलं असतं.

एकाने तरी विचारलं का, जेवलीस का?

उद्या साडेदहाला मॅथ्स आहे. आईला सांगितलंय, पेपर सुटला की त्या झाडाखाली थांबायचं नाही, डबा घेऊन सरळ मावशीच्या खोलीवर जायचं. पुस्तिका आणि कॉपी आईच्या पिशवीत, वरून चेन लावलेली. त्या काकांनी वाटेत गाठलं तर आज मी गप्प बसले तशी उद्या आई गप्प बसणार नाही, तिनेच तसं सांगितलंय, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.