ज्यांना साधा कपही काढता येत नाही त्यांच्यासाठी

"मला साधा कपसुद्धा काढता येत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आज कपच काढायला घ्यावा, असं माझं मनापासून सांगणं आहे. ज्या हाताला स्वतःची सही जमते, त्या हातावर चित्रापुरता ताबा असतोच. घोडं अडतं ते नजरेपाशी.

सामान फारसं लागत नाही. साधे कोरे कागद, एक २बी (म्हणजे थोडी मऊ आणि गडद) पेन्सिल, वीस मिनिटं. खोडरबर पहिले काही दिवस लांबच ठेवा, कारण चुकलेली रेघ दिसत राहिली तरच बरोबर रेघ तिच्या शेजारी कुठे यायला हवी ते कळतं.

आपण समोरचा कप काढत नाही, डोक्यातला काढतो. टेबल सपाट आहे हे ठाऊक असतं, म्हणून बूड सरळ रेघेत उरकतो. पण कप थोडा वरून बघा. तोंड लंबगोल दिसतं आणि बुडाची कडही गोलावा घेते, तोही तोंडापेक्षा जास्त, कारण बूड आपल्या नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतं. हा गोलावा राहून गेला की कप टेबलावर बसतच नाही. आणखी एक हमखास चूक म्हणजे लंबगोलाच्या दोन्ही बाजूंना पानासारखी टोकं येणं. तिथे टोक नसतं, वळण असतं. पेन्सिल कागदाला न टेकवता दोन-तीनदा हवेतच फिरवा आणि मग त्याच ओघात, मनगट न वळवता खांद्यातून हात फिरवून लंबगोल काढा.

कपाचा कान काढायचा तर कानाकडे बघूच नका. कान आणि कप यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते, तिचा आकार काढा. त्या पोकळीला नाव नसतं, म्हणून डोक्यात तिचं तयार चित्रही नसतं. डोळ्यांना बघावंच लागतं.

रुंदी-उंचीचं प्रमाण चुकत असेल तर एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. कोपर वाकलं की माप बदलतं, तेवढं सांभाळा. मोजणं म्हणजे लबाडी, असं कुणाला वाटत असेल तर व्हॅन गॉगकडे बघा. सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं आणि १८८२ मध्ये प्रमाण साधायला दोरे ताणलेली चौकट करून घेतली.

चेहऱ्याकडे वळाल तेव्हा डोळे साधारण डोक्याच्या उंचीच्या मध्यावर ठेवा. जवळपास सगळेच ते फार वर काढतात. रंगांची घाई नको. जलरंग साध्या कागदावर लावले की कागद फुगतो आणि दोष आपण स्वतःला देतो. जलरंगांना ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद लागतो.

कप झाला की खाली तारीख टाका. उद्या टेबलावरचा तोच कप, पण खुर्चीऐवजी जमिनीवर बसून. तोंडाचा लंबगोल किती चपटा झाला ते बघा.