गोळी कुठे हवी, हे तिलाच विचारा ना!

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप, अमेरिकेत 2012 पासून मिळते. तरीही तिथे ज्या स्त्रियांना नव्याने एचआयव्हीचं निदान होतं त्यांत जवळपास निम्म्या कृष्णवर्णीय असतात. एकूण स्त्रियांमध्ये त्या आहेत साधारण 13 टक्के. यावर कुणी "बेफिकीर आहेत, गोळ्याच घेत नाहीत" म्हणालं की माझं डोकं फिरतं. 2019 मध्ये डेस्कोव्ही ही दुसरी गोळी मंजूर झाली, तीही योनीमार्गे लागणीचा धोका असणाऱ्यांना वगळून, कारण अशा बायकांना चाचणीत घेतलंच नव्हतं! आणि बेफिकीर कोण, तर त्या?

जिथे विचारलं गेलं तिथे बायकांनी सरळ उत्तरं दिली आहेत. अनेकींना हे औषध त्यांच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे हवंय, गर्भनिरोधक घ्यायला जातात तिथेच. वेगळ्या एचआयव्ही क्लिनिकच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं तर? पर्समध्ये खुळखुळणारी डबी जोडीदाराच्या हाती लागली तर? "तुला झालंय की माझ्यावर संशय आहे?" या प्रश्नाला उत्तर देत बसण्यापेक्षा दोन महिन्यांनी एकदा प्रेपचंच इंजेक्शन घेणं कितीतरी जणींना बरं वाटतं. रोजची गोळीच बरी म्हणणाऱ्याही आहेत, त्यांनाही ती सहज मिळायला हवी.

डॉक्टरांवरचा अविश्वास तर उगाच आलेला नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कीगीत 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं पाहत बसले होते सरकारी डॉक्टर. त्यामुळे नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रेपची माहिती थेट ब्यूटी सलूनमध्ये नेली, हे मला फार पटलं. बारीक वेण्या घालायला तासन्‌तास लागतात, केस जिच्या हातात असतात तिच्याशी मनातलं बोललं जातं. तिने सांगितलेलं ऐकलं जातं.

आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर हे प्रेपचं इंजेक्शन आलंय. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. 2025 मध्ये अमेरिकेत त्याची वर्षाची छापील किंमत होती 28,218 डॉलर. जेनेरिक बनवायचा परवाना सहा कंपन्यांना मिळालाय, त्यात आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. पण तो माल ठरलेल्या 120 देशांतच विकायचा. दक्षिण आफ्रिका त्या यादीत आहे, अमेरिकेच्या मिसिसिपीतली बाई नाही.