टिकली, नियमशास्त्र आणि आमची आत्या

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही देवळाच्या पायरीशी चहा पीत उभे होतो. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मलाही तीच सवय.) कुठलं देऊळ ते सांगत नाही. मुंबईतल्या कुठल्याही मराठी मंडळीत हे घडू शकतं. नेरूळहून एक ताई येतात, कुर्ल्याला गाडी बदलून. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायबलमधलं पुस्तक काढायला अजून अनुक्रमणिकेवरून बोट फिरवावं लागतं त्यांना. आमच्यातल्या एक मावशी त्यांच्याजवळ गेल्या आणि अगदी मायेने, पण चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं, प्रभुभोजनाला येताना टिकली नको हं. आता तू आपल्यातली झालीस ना?”

ताईंनी तिथल्या तिथे टिकली काढली. ठेवायची कुठे कळेना, म्हणून कागदी कपाच्या कडेला चिकटवली. उरलेला चहा तसाच प्यायल्या. मग कप कचऱ्याच्या डब्यात गेला, टिकलीसकट.

मी काही बोलले नाही. तिथे गप्प बसले आणि इथे लिहितेय, यावरून माझं शौर्य ओळखा.

टिकली लावावी की नाही, हे ताईंचं त्या बघतील. मला खुपलं ते “आपल्यातली झालीस ना”. तिला आपल्यातली केलं कुणी? बाप्तिस्म्याच्या दिवशी देवाने, की टिकली निघाल्यावर मावशींनी?

ख्रिस्ताचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषित पौलाने गलतीकरांना पत्र लिहिलं (ते बायबलमध्ये आहे) ते याच भांडणावरून. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला मुलूख. तिथले बरेचसे विश्वासणारे यहूदी नव्हते. ख्रिस्तावर विश्वास ठेवला आणि मंडळीत आले. मागाहून काही जण येऊन सांगायला लागले, विश्वास ठेवलात, छान, पण सुंता करून घ्या, दिवस-महिने पाळा, म्हणजे काम पक्कं. पौल एवढा भडकलाय की एरवी पत्राच्या सुरुवातीला तो वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानतो, तेही इथे गाळलेत. सलाम झाला की थेट हजेरीच घेतो.

त्याच पत्रात अंत्युखिया शहरातला किस्सा आहे. पेत्र, येशूचा आघाडीचा शिष्य, परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमेकडची मंडळी आली तसा हळूच उठला आणि वेगळा बसायला लागला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्या मागे गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. पेत्राला! कोण कुणाच्या पंगतीला बसतं आणि कोण मध्येच उठून जातं, यात काय दडलेलं असतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा इथे मुंबईत झाला, १८९५ च्या फेब्रुवारीत. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं, आपलं आपण वेगळं शिजवून खायच्या. ते सुटलं ते कुणी पायरीवर अडवून सांगितलं म्हणून नाही. जात देवाने केलेली नाही, हे त्यांचं त्यांना आतून पटलं तेव्हा सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतर. त्या काळी त्यांना आमच्या मावशी भेटल्या नाहीत, हे मराठी साहित्यावर उपकारच.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आमच्या प्रवचनांत ‘नियमशास्त्र’ (म्हणजे मोशेने यहूद्यांना दिलेले नियम) हा शब्द जवळजवळ शिवीसारखा येतो. माझं बालपण माझगाव-भायखळ्यात गेलं, मागेन डेव्हिड या यहूदी प्रार्थनामंदिराचा उंच मनोरा येता-जाता दिसायचा. मराठी बोलणारे बेने इस्राएल यहूदी या शहराचेच. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. कित्येक पिढ्या जवळ धर्मग्रंथ नव्हते, तरी शनिवार सोडला नाही, आणि त्या शनिवारानेच त्यांना एक समाज म्हणून टिकवलं. अशा नियमाला हसायचं माझं तोंड नाही. पौलही हसत नाही. रोमकरांच्या पत्रात तो नियमशास्त्राला पवित्र म्हणतो. त्याचा मुद्दा क्रमाचा आहे. यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने विश्वास ठेवला आणि देवाने त्याला नीतिमान गणलं, ते आधी. सुंता नंतर. उत्पत्तीचं पुस्तक काढा, पहिली गोष्ट पंधराव्या अध्यायात आहे, दुसरी सतराव्या. खूण नात्यामागून आली.

आम्ही हा क्रम उलटा करून बसलोय, आणि वर आमच्या खुणा तर मोशेच्याही नाहीत, मिशनच्या बंगल्यातल्या आहेत. पांढरी साडी. डोक्यावर पदर. शेजारच्यांच्या गणपतीचा मोदक घ्यायचा की नाही, यावर समितीची अख्खी बैठक. पौलाने फिलिप्पैकरांना स्वतःची यादी दिलीय: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी (नियमांबाबत कडक असा यहूदी पंथ), नियम पाळण्यात बोट ठेवायला जागा नाही. आणि हे सगळं आपण केरकचरा समजतो म्हणाला. आमची यादी: चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, पणजोबा नगरच्या मिशन शाळेत मास्तर, आजोबांच्या नावाचा बाक अजून देवळात आहे. केरात टाकायचं सोडा, आम्ही ही यादी लग्नाच्या बायोडेटात घालतो. ख्रिस्तात आलेला माणूस नवी उत्पत्ती, असं करिंथकरांना लिहिलंय. आम्ही जुन्या चाळीला रंग काढून खूश.

कुणीतरी याकोबाचं पत्र काढणार, मला माहीत आहे. क्रियांवाचून विश्वास निर्जीव. आणि यरुशलेमेत जमलेल्या प्रेषितांच्या सभेनेही परराष्ट्रीयांना चार गोष्टी पाळायला सांगितल्याच होत्या की! होत्या. मला तरी त्यातल्या खाण्याच्या अटी दोन्हीकडच्या माणसांना एका पंगतीत जेवता यावं म्हणून घातलेल्या वाटतात, कुणाला पंगतीतून उठवायला नाही. याकोबाबद्दल मात्र मी वाद घालत नाही, आत्याची गोष्ट सांगते.

आत्या आजोबांच्या चुलतभावाची मुलगी. आई-बाप गेले तेव्हा सात वर्षांची होती. आजोबांनी तिला गावाहून माझगावच्या खोलीत आणलं, शाळेत आपलं आडनाव लावलं, रेशनकार्डावर नाव चढवलं. बाबा सांगतात, ती पोर पहाटे साडेचारला नळ आला की सगळ्यांच्या आधी उठायची आणि दोन्ही पिंपं एकटी भरायची. जेवायला सगळ्यांत शेवटी. दुसरी भाकरी कधी मागितली नाही. आजी ओरडायची, जवळ घ्यायची, काही उपयोग नाही. असं सात-आठ वर्षं.

नववीत असताना तापाने फणफणली होती, तरी कळशी घेऊन रांगेत गेली आणि जिन्यात पडली. आजोबांनी तिला उचलून आणलं, ट्रंकेतून रेशनकार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “वाच.” तिने वाचलं. नाव, वय, आणि नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’. आजोबा म्हणाले, “पाणी नाही भरलं तर हे खोडतात काय?”

दोन दिवस ती झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी साडेचारला उठली, नेहमीसारखी. पण नळावर जायच्या आधी तिने बाबांच्या आणि काकांच्या अंगावरची पांघरुणं खस्सकन ओढली आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “उठा रे मेल्यांनो, घर काय माझ्या एकटीचं आहे?”