‘घरच्याला काय, कुठलंही चालतं!’

हे वाक्य आता आणखी एकदा कुणी ऐकवलं तर मी तिथून तडक उठून निघणार आहे. गेले दोन महिने नवीन शिलाई मशीन शोधतेय. दोन महिने! आणि एवढ्या दिवसांत एकाही विक्रेत्याने ‘तुम्ही शिवता काय?’ हा साधा प्रश्न विचारलेला नाही. विचारतात ते एवढंच, ‘घरच्यासाठीच ना?’ हो म्हटलं की पुढे मांडलेल्या रंगीत मशीनवरचं कव्हर काढतात आणि आकडे सुरू. यात ३२ प्रकारचे टाके आहेत, त्यात ६०, आणि ते बघा ताई, त्यात तर १०० आहेत.

काय करू मी शंभर टाक्यांचं? पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या, फ्रॉक, जीन्सची लांबी कमी करणं, उसवलेलं पुन्हा शिवणं, यातलं जवळजवळ सगळं सरळ टिपेवर होतं. कडा सुटू नयेत म्हणून झिगझॅग लागतो, काजं लागतात, ताणल्या जाणाऱ्या कापडाला त्याचा वेगळा टाका लागतो. संपलं. पानं, वेली आणि बदकांच्या रांगा काढणारे टाके पहिल्या आठवड्यात चिंधीवर काढून बघितले जातात आणि मग टाका निवडायच्या त्या चकतीला कुणी हात लावत नाही. तेही टाके मोजतात कसे बघा. सुई मधोमध ठेवून सरळ टीप हा एक टाका, तीच सुई डावीकडे सरकवली की दुसरा. एक काज चार पायऱ्यांत होत असेल तर काही जण त्या चारही पायऱ्या मोजतात. टाके नाहीत हे, आकडा फुगवणं आहे.

वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा एकमेकांत अडकवून पक्की टीप घालणाऱ्या मशीनचं पेटंट एलिआस हाऊने १८४६ साली घेतलं. आजही घरातलं मशीन तेच काम करतं. मग इतक्या वर्षांनंतर, ती एक टीप जाड कापडावरून न अडता जाते की नाही, हे मला विकत घेण्याआधी कुणी का सांगू शकत नाही?

माझं आत्ताचं मशीन मी असंच आकड्याला भुलून घेतलं. ‘जीन्स शिवतं का?’ असं मी तेव्हा स्पष्ट विचारलं होतं. ‘आरामात’ असं उत्तर मिळालं होतं.

आता ते ‘आरामात’ कसं शिवतं ते ऐका. जीन्सच्या पायाची दुमड घातली की सगळीकडे कापडाचे तीन थर असतात. तिथपर्यंत ठीक चालतं. पण मांडीच्या आतल्या बाजूची शिवण असते ना, दोन्ही कापडं एकमेकांत दुमडून वरून टीप मारलेली, तिच्यातच मुळात चार थर असतात. ती दुमडली की तीन चोक बारा. म्हणजे तीन थरांवर चालणारी सुई बोटभर पुढे गेली की अचानक बारा थर समोर. फूट, म्हणजे कापड वरून दाबून धरणारी पट्टी, त्या उंचवट्यावर चढायला लागतं, त्याचं नाक वर होतं, मागची बाजू लोंबते, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दात्यांची कापडावरची पकड जाते. मशीन गुरगुरतं, कापड जागच्या जागी, आणि एकाच भोकात सात-आठ टाक्यांचा गठ्ठा. पेडल जरा जोरात दाबलं की सुई एकदम सुटते, उंचवटा ओलांडून पलीकडे लांबच लांब टाके टाकते. त्यात तीनदा सुई मोडली. एकदा तुटलेलं टोक गालाजवळून गेलं.

तक्रार घेऊन गेले तर उत्तर काय? ‘तुम्ही कापड ओढत असाल.’ नाही ओढत! शिवणकाम करायला लागून मला वीस वर्षं झाली. फुटाच्या मागच्या बाजूखाली कापडाची जाड घडी ठेवून फूट सपाट केलं की ते चढ चढतं, हे मला त्यांनी नाही सांगितलं, मी स्वतः धडपडून शोधलं. जीन्सला १०० किंवा ११० नंबरची सुई लागते आणि मशीनसोबत लावून दिलेली ९० ची होती, हेही नाही सांगितलं. सुईचा तो नंबर म्हणजे तिची जाडी, ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. विकताना हे सांगायला एक मिनिट लागतं. पण ते मिनिट घरच्या गिऱ्हाइकावर कोण घालवणार?

तेच दोऱ्याच्या गुंतवळीचं. कापडाखाली दोऱ्याचा जाळा झाला की प्रत्येक जण बॉबिनला दोष देतो. बॉबिन बदला, ती बसते ती केस बदला, तिच्याभोवती फिरणारं शटल बदला. माझ्या शेजारणीने शटल बदललं, पैसे भरले, तरी जाळा तसाच. खालचा जाळा बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो! फूट खाली असताना दोरा ओवला की तो दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, कारण त्या आवळलेल्या असतात. फूट वर करायचं आणि दोरा पुन्हा ओवायचा, एवढंच. तिचं मशीन त्या दिवसापासून सुरळीत आहे. ज्याने शटल बदलून दिलं त्याला हे माहीत नव्हतं असं मी अजिबात मानत नाही.

आणि मूळ संताप ज्याचा आहे तो हाच, ‘घरच्याला कुठलंही चालतं.’ नाही चालत. उलट आहे! कारखान्यातलं मशीन मिनिटाला ५००० टाके घालत असेल, पण ते दिवसभर एकाच जातीचं कापड शिवतं. सुई, दोरा, ताण, दाते, सगळं त्या एका कापडासाठी बसवलेलं. घरचं मशीन सकाळी शिफॉनच्या ओढणीची कड शिवतं, दुपारी टी-शर्ट, संध्याकाळी दप्तराचा तुटलेला पट्टा. शिफॉन सुईच्या भोकात ओढलं जातं, टी-शर्टची होजिअरी फुटाखाली ताणली जाऊन लाटांसारखी होते, पट्टा तर फुटाखाली जातच नाही. सगळ्यात अवघड काम घरच्या मशीनला आणि सगळ्यात तकलादू मशीन घरच्याला. कोणत्या हिशोबाने?

त्या होजिअरीच्या लाटा थांबवायला फुटाचा दाब कमी करता यायला हवा. त्यासाठी एक स्क्रू किंवा चकती लागते, बस. पण कित्येक घरगुती मशीनवर ती नसतेच. शंभर टाके आहेत आणि दाब कमी करायची सोय नाही! विचारलं तर समोरचा माझ्याकडेच बघत राहतो. फूट किती उंच उचललं जातं? माहीत नाही. दाते खाली पाडता येतात का, रफू करायचंय? बघून सांगतो. आतली चाकं धातूची की प्लॅस्टिकची? ‘बॉडी एकदम मजबूत आहे ताई.’ बॉडीचं नाही विचारलं हो! बाहेरून ‘हेवी ड्यूटी’ लिहिलंय म्हणून आतला गिअर धातूचा होत नाही.

मोटर किती वॅटची ते मात्र ठळक अक्षरांत छापतात. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. सुई किती ताकदीने खाली येते ते त्यातून कळत नाही. काही ठिकाणी तर त्या आकड्यात दिव्याचे वॅटही धरलेले असतात. मला हवंय ते वेगळंच. एकेक टाका हळू घालतानाही सुई बारा थरांतून आरपार गेली पाहिजे. उंचवट्यावर, कोपऱ्यावर, काजाच्या टोकाला आपण हळूच चालवतो ना? नेमकं तिथेच स्वस्तातलं मशीन दम तोडतं. हे कुठेही छापलेलं नसतं.

‘वजनाला हलकं’ हेही मिरवतात. हलकं मशीन जोरात चालवलं की टेबलावर सरकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वजन हवंच.

बरं, म्हणून व्हिडिओ बघावेत, तर सगळीकडे तोच पांढरा, कडक इस्त्रीचा सुती तुकडा, दोनपदरी, त्यावर लाल दोऱ्याची झकास टीप. त्या कापडावर कुठलंही मशीन सुंदरच शिवतं. अभिप्राय वाचावेत, तर बहुतेक खोकं उघडल्या दिवशीच लिहिलेले. ‘रंग छान आहे, पॅकिंग उत्तम.’ सहा महिने वापरून, ताण बिघडून, सुया मोडून मग कुणी लिहिलेलं शोधायला मला रात्री जागाव्या लागल्या.

म्हणून मी आता पिशवी भरून घेऊन जाते. जीन्सचा बारा थरांचा तुकडा, जुना टी-शर्ट, शिफॉनची पट्टी, बॅगेचा पट्टा, माझा दोरा, माझ्या सुया. गेल्या आठवड्यात एका ठिकाणी ती काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, यावर चालवून दाखवा. त्या माणसाने जीन्सचा तुकडा दोन बोटांनी उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, डेमोच्या मशीनवर असलं नाही चालवत, सुई मोडेल.’

सुई मोडेल! हेच तर मला विकत घेण्याआधी बघायचंय! माझ्या घरी मोडणारच असेल तर आधी तुमच्या काउंटरवर मोडू दे. मी पिशवी उचलली आणि निघाले. मुलाच्या जीन्सचा एक पाय शिवून झालाय, दुसरा अजून टाचण्यांवर आहे, आणि उद्या ती पिशवी घेऊन मी पुढच्या दुकानात जाणार आहे.