पानाबाहेरचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

चिपळूणकर, नमस्कार.

आतेभावाच्या डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या फ्लॉप्यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. २००५ आणि २०२१ च्या पुरात चिपळुणात घरोघरची पुस्तकं-कागदपत्रं चिखलात गेली आणि हा गृहस्थ लग्नपत्रिकेची फाइल सापडली म्हणून गहिवरतोय! शिवाय, ‘कामाचं होतं ते तेव्हाच छापून झालं.’

पुराबद्दल वाद नाही. त्या नुकसानीशी फ्लॉपीची बरोबरी कोण करेल? पण ‘छापून झालं’ हे काही पटत नाही.

पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर वापरलेल्यांना आठवेल, पानाच्या चौकटीबाहेर बरीच मोकळी जागा असायची. नको असलेला मजकूर तिथे ओढून ठेवायचा. छपाईत तो उमटत नाही, फाइलीत मात्र सेव्ह होतो. या फाइलीत मधोमध ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि बाजूला हा पसारा: दोन वेगवेगळे मुहूर्त, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’, हापूसच्या पेटीचं अर्धवट लेबल, आणि ‘कृपया आहेर आणू नये’. ही शेवटची ओळ यजमानांनी ऐन वेळी काढायला लावली असणार. (का, ते आपण विचारायचं नाही.) छापील पत्रिका कुणाच्या तरी कपाटात असेलही, पण तिच्यात हे कुठून दिसणार? मला ओढ आहे ती या उष्ट्या-खरकट्याची. ‘ते दिवस किती छान’ वगैरे माझं म्हणणंच नाही. त्या दिवसांत वीज गेली की तासाभराचं काम जायचं.

आणि हे सहजी दिसलंही नाही. फाइल उघडली तेव्हा स्क्रीनवर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना इथे, अर्धा स तिथे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोजवर ती धड चालायला विंडोज २००० यावं लागलं, आणि छापखाने त्यानंतरही कैक वर्षं जुन्याच फॉन्टांवर होते. नशिबाने तोच फॉन्ट डब्यातल्या दुसऱ्या फ्लॉपीवर निघाला. तो टाकला आणि कचऱ्याचं मराठी झालं. तुम्ही याला रिकामपणाचा उद्योग म्हणता, म्हणा.

पण प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय, भावाच्या प्रेसच्या पोटमाळ्यावर फ्लॉप्यांचा खोका आहे आणि तो भंगारात जाणार. तेवढं थांबवा. धातूचं शटर सरकवून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत चकतीवर पांढुरके ठिपके हमखास असतात. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला लागते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. दिवाळीत मी चिपळूणला येतोच आहे, ड्राइव्ह घेऊन येईन. प्रेसमध्ये मराठी फॉन्टांचं कुठलं सॉफ्टवेअर होतं, श्री-लिपी की आकृती, तेवढं भावाला विचारून ठेवा. म्हणजे फॉन्ट बरोबर आणता येतील.