सोडा, व्हिनेगर आणि महिन्याचे दोन हजार: त्या मेसेजमधला एकेक दावा

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा: कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, फरशीचं फिनेल, संडासाचं क्लीनर हे सगळं आजच बंद करा. खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं बायो-एन्झाइम एवढ्यावर घर लख्ख राहतं. महिन्याला दोन हजार रुपये वाचतात, घरात एकही केमिकल येत नाही, आपल्या आज्या असंच करायच्या. शेवटची ओळ अशी की हट्टी डाग असेल तर ब्लीचिंग पावडरमध्ये व्हिनेगर किंवा संडासाचं क्लीनर मिसळून ओता.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही. साफसफाईवरचा खर्च खरंच वाढला आहे आणि तो कमी करता येतो. पण या मेसेजने तो कमी होत नाही, काही ठिकाणी वाढतो, आणि शेवटची ओळ तर थेट जिवावर बेतणारी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला दावा दोन हजारांचा. चार माणसांच्या साध्या घरात धुणं, भांडी, फरशी आणि संडास मिळून महिन्याला दोन हजार मुळात लागतात का, हे आपापली किराण्याची बिलं काढून पाहा. जेवढा खर्चच नाही तेवढी बचत कुठून होणार? आता मेसेजमधली धुण्याची कृती घ्या: एका धुण्याला अर्धी वाटी सोडा, अर्धी वाटी व्हिनेगर. सुटा खायचा सोडा किलोला ८० रुपये धरा, ७५ ग्रॅमचे ६ रुपये झाले. व्हिनेगरची अर्ध्या लिटरची बाटली ४० रुपयांना धरा, ७५ मिलीचे आणखी ६. म्हणजे धुण्याला १२ रुपये. दीडशे रुपये किलोची पावडर सढळ हाताने, ८० ग्रॅम टाकली तरी एका धुण्याला १२ रुपयेच पडतात. तुमच्या दुकानातले भाव यात घालून बघा, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण पावडरीने कपडे निघतात आणि या मिश्रणाने निघत नाहीत, हा फरक भावाने बदलत नाही.

का निघत नाहीत, हे दुसऱ्या दाव्यात येतं: सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फेस येतो तोच मळ काढतो. खायचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही भेटले की एकमेकांना मारतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, तो हवेत जातो. मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक मीठ. एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला चार टक्क्यांचं व्हिनेगर सुमारे ९० मिली लागतं. तेवढं ओतून फेस बसला की भांड्यात जे राहतं ते जवळजवळ खारट पाणी असतं. तळणीच्या कढईवर ते घालून घासा. घासणीने जेवढं निघेल तेवढं निघेल, तेलाचा थर जागचा हलणार नाही. तेल पाण्यात सुटण्यासाठी एक टोक पाण्याला आणि दुसरं तेलाला धरणारा रेणू लागतो. तो साबणात असतो, डिटर्जंटमध्ये असतो, रिठ्यातही असतो. सोड्यात नाही, व्हिनेगरमध्येही नाही.

हेच तुंबलेल्या मोरीचं. मोरीत सोडा-व्हिनेगर ओतून फसफसताना पाहिलं की काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं, पण पाइप वरून उघडाच असल्यामुळे गॅस वर निघून जातो, खाली रेटा बसतच नाही. रबरी पंपाने चार दणके द्या, आणि पुढच्या वेळेसाठी दहा-वीस रुपयांची जाळी लावा.

दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापरल्या तर कामाच्या आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. खायचा सोडा ओला करून घासला तर बेसिन, चहाचे कप, फ्रिजचे कप्पे छान निघतात. तो बारीक पूड म्हणून घासतो आणि वासही ओढून घेतो. व्हिनेगर नळावरचे, शॉवरच्या जाळीवरचे क्षारांचे पांढरे थर विरघळवतं. पण त्यासाठीसुद्धा व्हिनेगर महाग पडतं. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिडचे खडे मिळतात, काही जण त्याला लिंबूसत्त्व म्हणतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, शॉवरची जाळी त्यात तासभर बुडवून ठेवा. व्हिनेगरपेक्षा काम जास्त, घरभर वास नाही.

तिसरा दावा, घरात एकही केमिकल नाही. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो कारखान्यातच तयार होतो. आपल्याकडे स्वस्त मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर बहुतेक वेळा ‘सिंथेटिक’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. त्यात वाईट काही नाही. पण हे निसर्गाचं आणि ते कारखान्याचं अशी रेघ ओढून लोकांना घाबरवू नये. घाबरलेला माणूस दुप्पट पैसे देऊन ‘ऑरगॅनिक’ लिहिलेली बाटली आणतो, हे मी आजूबाजूला रोज पाहते.

आता आज्यांचा दाखला. आज्या राखेने भांडी घासायच्या आणि ती निघायची, हे खरं आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी असल्यामुळे तेलाचा थोडा साबणच करतं, आणि राख स्वतः घासणीचं काम करते. भांडी होती पितळेची, लोखंडाची, राख चुलीतून रोज फुकट मिळायची. आज चूल नाही आणि नॉनस्टिक तव्यावर राख चालत नाही. पितळेला आणि तांब्याला चिंच किंवा लिंबू-मीठ मात्र आजही पहिल्या दर्जाचं. आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, त्यासाठी वेगळी पावडर आणायची गरज नाही. रिठे तर मी आवर्जून सुचवेन: रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर, शाल यांना रिठ्याचं कोमट पाणी कुठल्याही महागड्या ‘नाजूक कपड्यांच्या’ लिक्विडपेक्षा कमी नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना वापरू नका, ते पिवळट पडतात. म्हणजे आज्यांचं शहाणपण प्रत्येक कामाला वेगळी वस्तू काढण्यात होतं. सगळ्याला एकच सोडा-व्हिनेगर हे त्यांनी कधी केलं नाही.

पुढचा दावा फरशीचा, आणि यात मराठी घरांचं थेट नुकसान आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने रोज फरशी आणि ओटा पुसा, असं मेसेज सांगतो. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ओट्याला काळा कडप्पा असतो. दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवर त्याच कुळातला. मोझॅकच्या लाद्यांत संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं. आम्ल यातल्या प्रत्येकाला खातं. अर्धं कापलेलं लिंबू रात्रभर कडप्प्यावर पालथं राहिलं तर सकाळी तिथे फोडीच्या आकाराचं फिकट, बोटाला खरखरीत लागणारं वर्तुळ दिसतं. लोक त्याला डाग समजून घासत बसतात. तो डाग नसतोच, तिथला दगड खाल्ला गेलेला असतो आणि पॉलिश केल्याशिवाय जात नाही. रोज पुसलेल्या पातळ व्हिनेगरने हेच होतं, फक्त हळूहळू आणि सगळ्या फरशीवर. पॉलिशवाल्याचं बिल महिन्याच्या कुठल्याही बचतीला पुरून उरेल. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना एवढा धोका नाही.

बायो-एन्झाइमबद्दल जरा जपून बोलते, कारण मनापासून करणारे खूप आहेत. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, म्हणजे खर्च अगदी थोडा. ओला कचरा कामी येतो, साध्या धुळीच्या फरशीला ते पुरतं. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. एक, त्याने ‘९९ टक्के जंतू मरतात’ हे सांगू नका. घरोघरी वेगळ्या साली, वेगळा गूळ, वेगळा उकाडा, कुणाच्या बाटलीत काय तयार झालं ते कुणी मोजलेलं नसतं. घरात जुलाब-उलट्यांचं आजारपण असताना संडासावर ते शिंपडून निर्धास्त राहणं चुकीचं आहे. दुसरं, तेही आम्लच, म्हणून कडप्प्याला आणि शहाबादीला वर्ज्य. आणि पहिले काही आठवडे बाटलीचं झाकण रोज सैल करा, आत गॅस साठून बाटल्या फुटतात.

‘मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवलं की नव्या कपड्याचा रंग जात नाही’ हेही चूक. मीठ रंगाऱ्याला रंग चढवताना उपयोगी पडतं, चढून सैल राहिलेला रंग घरी पक्का करत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी काढा, एवढंच.

आता पैसे खरंच कुठे वाचतात ते सांगते, कारण नुसतं नाही नाही म्हणून भागत नाही.

सगळ्यात मोठी गळती मापात आहे. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, ही आपली पक्की समजूत. मशीनमध्ये जास्त फेस कपड्यांमध्ये गादीसारखा बसतो, कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, आणि उरलेली पावडर धाग्यात अडकते. घरी तपासायचं असेल तर धुऊन वाळलेला एक टॉवेल बादलीभर कोमट स्वच्छ पाण्यात चांगला खळबळून पाहा. पाणी पांढुरकं झालं, वर फेस धरला, तर तुमची पावडर जास्त होते आहे. टॉवेल कडक लागतात, काळे कपडे पांढुरके दिसतात, त्याचंही हे एक कारण. मग कम्फर्टची बाटली येते, आणि तिचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासे होतात. पावडर ८० ग्रॅमवरून ५० ग्रॅमवर आणा, किलोच्या पुड्यात बाराऐवजी वीस धुणी होतील. एकदा वजनकाट्यावर मोजून चमच्यावर खूण करून ठेवा, कारण घरात तीन जण मशीन लावतात आणि तिघांच्या मुठी वेगळ्या.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हिशोब बदलतो. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण आधी त्यांच्यावरच खर्च होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. यावरून फरक केवढा असू शकतो ते कळेल. इथे कामाला येतो धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. तो सोडियम कार्बोनेट, खायच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र. भिजत घालायच्या बादलीत आधी चमचाभर टाकला की क्षार खाली बसतात आणि कमी पावडरीत भागतं. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली, तिच्या स्वस्ताईतही या सोड्याचा वाटा मोठा होता. हातमोजे घाला, आणि रेशीम, लोकर, ॲल्युमिनियमची भांडी यांपासून तो लांब ठेवा.

मेसेजमध्ये एक ‘घरगुती डिटर्जंट’ही आहे: साबणाची वडी किसून सोड्यात उकळायची. जड पाण्यात त्याचा साका धरतो, तो कपड्यांत आणि मशीनच्या ड्रममागे चिकटतो. हे करू नका.

कॉलर आणि बाही आधी वडीने घासून अर्धा तास भिजवल्या तर सबंध धुणं दुसऱ्यांदा लावावं लागत नाही. फ्रंट लोड मशीन ६० अंशांवर लावायची सवय असेल तर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून तिथवर न्यायलाच साधारण ०.६ युनिट वीज जाते. रोजच्या कपड्यांना आपल्या नळाचं पाणी पुरतं. आणि अलीकडच्या पाकिटांवर एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमत छापलेली असते. ती वाचा. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतोच असं नाही.

आता ती शेवटची ओळ. ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, किंवा पांढऱ्या कपड्यांचं लिक्विड ब्लीच, यांत कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर आम्ल, लिंबू आम्ल, आणि संडासाच्या बहुतेक क्लीनरमध्ये तर हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि आपले संडास-बाथरूम असतात चार फुटांचे, खिडकी म्हणजे वरची एक जाळी. घासणारी बाई वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते, म्हणजे तिचं नाक नेमकं तिथेच असतं. बहुतेक घरांत हे काम धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे असतं, आणि ‘आज दोन्ही टाका हो, जरा चांगलं निघेल’ हे सांगणारे आपण असतो.

डोळे चुरचुरले, घसा जळला, खोकला सुटला तर क्षणभरही थांबू नका. वरून पाणी किंवा दुसरं काही ओतायला जाऊ नका, बाहेर या, दार-खिडक्या उघडा, आत कुणाला जाऊ देऊ नका. छाती दाटली असेल तर लगेच दवाखाना गाठा, आणि आत्ता बरं वाटलं तरी काही तास लक्ष ठेवा, त्रास उशिरा वाढू शकतो. डॉक्टरांना कोणत्या दोन वस्तू मिसळल्या ते सांगा, जमल्यास बाटल्यांचे फोटो दाखवा.

हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल तर बाकीचं राहू द्या, पण ज्या ज्या ग्रुपवर पाठवला तिथे आजच लिहा की ब्लीचिंग पावडरमध्ये काहीही मिसळू नका, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना ते समोर उभं राहून सांगा.