खोदा, भरा, पाठवा

उद्योगपती संजीव गुप्ताजींच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हायॲला गावच्या पोलाद कारखान्याचा कारभार तिथल्या सरकारनं काढून घेतला, याचं विलासभाऊंना काही नवल वाटलं नाही. धक्का बसला तो मधुभाऊंना. ऑस्ट्रेलियात काही बिनसू शकतं ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. मुलगा-सून पर्थला गेल्यापासून मधुभाऊ चंद्रपुरात नुसते देहानं राहतात. टोपी पर्थची, पाण्याची बाटली पर्थची, आणि गजूनं चहा पुढे केला की आधी ग्लास उजेडात धरून तपासणार.

"एखादा कारखाना बसला म्हणून काय झालं?" मधुभाऊ म्हणाले. "आमच्या तिकडे कारखान्यांची गरजच नाही. जमीन खोदायची, जहाज भरायचं, डॉलर मोजायचे. वर्षाला नव्वद कोटी टन लोहखनिज जातं बाहेर. नव्वद कोटी! आपला अख्खा देश तीस कोटींच्या आसपास घोटाळतोय."

"आमच्या तिकडे म्हणजे कुठं? आपल्या इथल्या तुकूमले?" शकीलभाईंनी विचारलं.

विलासभाऊ खर्रा घोटत होते. हे काम चालू असताना ते बोलत नाहीत. पन्नीची पुरचुंडी मांडीवर, तळहाताचा ताल एकसारखा, मधेच पन्नी उजेडाकडे धरून चुना नीट लागला का ते बघायचं, पुन्हा घासायचं. भुयारी खाणीत ओव्हरमन म्हणून आयुष्य काढलेला माणूस, युनियनचा जुना खांब. खर्रा तोंडात गेला की समोरच्याचं काही खरं नसतं, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मधुभाऊ सोडून.

"मधु, हा कारखाना आधी कोणाचा होता माहीत आहे का तुले?" विलासभाऊंनी एक गाल फुगवून सुरुवात केली. "बीएचपीचा. त्यातलं बीएच म्हणजे ब्रोकन हिल. १८८५ मधे चांदी-शिशाच्या खाणीवर कंपनी निघाली. १९१५ मधे तिकडच्याच न्यूकॅसलले पोलाद काढायले लागली, मंग व्हायॲलाले. पुढं हिशेब केला, पोलादात मरमर जास्त अन् पैसा कमी. १९९९ मधे न्यूकॅसल बंद, पुढच्या साली व्हायॲला वेगळं काढून दिलं. तुझे गुप्ताजी आले २०१७ मधे, तेव्हाबी तो कारखाना दिवाळ्यातच होता. देणी थकली, सरकारनं कायदा करून बाहेर काढलं. आता पॅकेज किती? दोन अब्ज चाळीस कोटी डॉलर. गरज नाही म्हणतो ना कारखान्याची? मंग हे पैसे कायले टाकून राहिले?"

"ते मतांसाठी," मधुभाऊ पुटपुटले.

"मतं कोणाची? कारखान्यात काम करणाऱ्याईची. म्हणजे माणसं आहेत ना तिथं."

बंटीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. हा आमच्यातला सगळ्यात तरुण. शेअर बाजारात लिथियमच्या कुठल्याशा परदेशी कंपनीत हात पोळलेले, त्यामुळे या विषयात स्वतःला जखमी तज्ज्ञ समजतो. "काका, त्यांचं चुकतंय एकच. व्हॅल्यू ॲडिशन करत नाहीत. कच्चा माल विकण्यापेक्षा पक्का करून विकला की झालं."

"झालं म्हणजे कसं झालं बे?" विलासभाऊ त्याच्यावर उलटले. मला वाटलं होतं बंटीला शाबासकी मिळेल. "निकेलचं केलं होतं ना पक्कं. वितळवायची भट्टी होती, शुद्ध करायचा कारखाना होता. इंडोनेशियानं स्वस्त निकेल ओतलं, २०२४ च्या ऑक्टोबरात बीएचपीनं सगळं थांबवलं. माउंट आयझाच्या तांब्याच्या भट्टीले साठ कोटी डॉलर सरकारनं दिले तेव्हा ती चालू राहिली. मजुरी महाग, वीज महाग, गिऱ्हाईक समुद्रापार. व्हॅल्यू ॲडिशन हे भाषणात सोपं असते."

"मग तुम्ही माझ्याच बाजूचे!" मधुभाऊ खूश.

"थांब ना. लोखंड घरचं, बॉक्साइट घरचं, लिथियम घरचं. अन् तुझ्या पोराची टोयोटाची हायलक्स गाडी कुठून आली?"

मधुभाऊंनी चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"थायलंड," बंटी म्हणाला.

"थायलंड! फोर्ड २०१६ मधे गेली, टोयोटा २०१७ मधे, त्याच महिन्यात होल्डनचा ॲडलेडचा कारखाना बंद. खनिजाच्या तेजीत डॉलर इतका चढला का २०११ मधे अमेरिकेच्या डॉलरच्या वर गेला. खाणवाल्याईचं ठीक, पण गाडी बनवून बाहेर विकणाऱ्याचं कंबरडं मोडलं. सरकारनंबी मंग हात आखडता घेतला. खाणीनं कारखाना खाल्ला, मधु."

हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं. विलासभाऊंनी ते तिरक्या नजरेनं पाहिलं आणि त्यानंतर ते जास्तच रंगात आले, हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

मधुभाऊंनी मोर्चा बदलला. "पगार बघा पण. खाणीतला डंपर चालवणारा वर्षाला लाख डॉलरच्या वर कमावतो. पर्थहून विमानानं नेतात, दोन आठवडे काम, मग घरी सुट्टी. जेवण, खोली फुकट."

शकीलभाईंचे कान उभे राहिले. घुग्घुसच्या रस्त्यावर त्यांचे कोळशाचे दोन टिप्पर चालतात. म्हणजे एक चालतो, दुसरा गॅरेजमध्ये असतो. "मधुभाऊ, पोराले सांगा ना. हेवीचं लायसन आहे आपल्याकडे. दारू नाही, काही नाही."

"जाशील तं बसशील कुठं?" विलासभाऊ म्हणाले. "पिलबरा म्हणून तिकडं लोहखनिजाचा पट्टा आहे, तिथल्या शेकडो डंपरवर ड्रायव्हरच नाही. रिओ टिंटो या खाणकंपनीनं २००८ पासूनच सुरू केलं ते. रेल्वेबी तशीच. अडीच किलोमीटर लांब मालगाडी, आत चिटपाखरू नाही. पर्थले एसीत बसून दीड हजार किलोमीटरवरून हाकतेत."

शकीलभाईंना हे पचेना. "ड्रायव्हर नाही तं धाब्यावर कोण थांबते?"

"कोणीच नाही."

"तं रस्त्यात हप्ता कोण देते?"

गजूच्या हातातली गाळणी हसण्यानं हलली आणि अर्धा चहा ओट्यावर गेला. तो बिलात लागला की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एवढ्यात गरम हवेचा झोत आला आणि मधुभाऊंना आणखी एक पर्थ सुचलं. "ऊन काय असतं ते तिकडे बघा. पिलबरात मार्बल बार म्हणून गाव आहे. १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस पारा शंभर फॅरनहाइटला टेकत होता. जगभर गाजलेली गोष्ट आहे."

"शंभर म्हणजे आपले किती?" गजूनं विचारलं.

"सदतीस-अडतीस," बंटी.

"सदतीसले तं मी कूलरमधे पाणी बी टाकत नाही."

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगायला जाऊ नये. पण मधुभाऊंनी त्या दिवशी एक पान राखून ठेवलं होतं. "ऑन्सलो गाव, तिकडचंच. जानेवारी २०२२. पन्नास दशांश सात. सेल्सियस." यावर मात्र कट्ट्यानं मान डोलावली. शत्रूचं असलं तरी ऊन ते ऊन.

"त्या उन्हातच सापडलं ते घबाड," विलासभाऊंनी धागा पकडला. "गंमत ऐका. १९३८ मधे त्याईच्या सरकारनं लोहखनिज बाहेर पाठवायले बंदी घातली. कारण काय सांगितलं? आपल्यापाशी लोखंड थोडं आहे, जपून वापरा."

"थोडं?"

"थोडं! जपानची भीती होती, ते वेगळं. मंग १९५२ मधे लँग हॅन्कॉक म्हणून एक जमीनदार छोटं विमान घेऊन निघाला. ढग खाली आले, हा घळीतून विमान काढू लागला, तं दोन्हीकडच्या भिंती गंजल्यावाणी लाल. असं तो स्वतः सांगायचा. खरं-खोटं तो अन् ते ढग जाणे. पण माणूस हुशार. बंदी उठेपर्यंत तोंड उघडलं नाही. १९६० मधे बंदी उठली, मंग कंपनीशी करार केला. त्या भागातून जे खनिज निघन त्यावर अडीच टक्के, कायमचे. १९९२ मधे म्हातारा गेला. अडीच टक्के चालूच आहेत. अर्धे भागीदाराच्या घरी, अर्धे पोरीच्या. जीना राइनहार्ट, देशातली सगळ्यात श्रीमंत बाई."

"आणि पोटच्या पोरांशी वर्षानुवर्षं कोर्टात," बंटीनं भर घातली. "भागीदाराचे वारस वेगळे कोर्टात."

"भाऊबंदकी काय आपल्याच इकडे असते का," असं शकीलभाई म्हणाले आणि सगळ्यांनी एकदम मधुभाऊंकडे पाहिलं. मूल रोडवरचा प्लॉट, धाकटा भाऊ, सामाईक भिंत. मधुभाऊ म्हणाले, "तो वेगळा विषय आहे." तो विषय वेगळा नाही, पण सोडून दिला.

१९३८ वरून विलासभाऊंना युनियन आठवली, ती आठवल्याशिवाय त्यांचा कुठलाच दिवस मावळत नाही. "त्याच साली पोर्ट केंबलाच्या गोदी कामगारांनी जपानले जाणारं कच्चं लोखंड जहाजात भरायले नकार दिला. म्हणाले, हे चीनवर बॉम्ब होऊन पडन. पगार बुडाला, पोरंबाळं उपाशी, पण कित्येक आठवडे हटले नाहीत. मेन्झिस तेव्हा मंत्री होता, त्यानं दमदाटी केली. पुढं इतकी वर्षं पंतप्रधान राहिला, पण 'पिग आयर्न बॉब', म्हणजे कच्च्या लोखंडाचा बॉब, हे नाव मेल्यावरबी सुटलं नाही."

"आता ऐंशी टक्क्यांच्या वर चीनलाच जातं," बंटी म्हणाला. "२०२० मध्ये चीननं भांडण काढून कोळसा बंद केला, दारू बंद केली, बार्ली बंद केली. लोहखनिजाला मात्र बोट लावलं नाही."

"कारण दुसऱ्या कोणाजवळ एवढं नाही," मधुभाऊंची छाती पुन्हा फुगली. "यालाच म्हणतात ताकद."

"ताकद कोणाची? सरकारची का कंपनीची?" विलासभाऊ पुढे सरकले. ही खूण वाईट. "२०१० मधे तिकडचा पंतप्रधान केव्हिन रडनं म्हटलं, भाव आकाशाले भिडले, तं जास्तीच्या नफ्यावर चाळीस टक्के कर द्या. जमीन लोकाईची ना? कंपन्याईनं दोन कोटी वीस लाख डॉलरच्या जाहिराती केल्या. पर्थले अब्जाधीश लोकाईचा मोर्चा निघाला. जीनाबाई ट्रकवर चढून कर हटवा म्हणून घोषणा देऊन राहिली, गळ्यात मोत्याची माळ. आयुष्यभर मोर्चे काढले मी, पण मोत्याची माळ घातलेला मोर्चेकरी नाही पाहिला. त्याच महिन्यात रडची खुर्ची गेली, त्याच्याच पक्षानं काढली. पातळ केलेला कर २०१२ मधे आला, २०१४ मधे तोबी पुसला. तेजी आली, तेजी गेली, पेटीत काय राहिलं?"

मग ते मधुभाऊंकडे वळले आणि आवाज एकदम मऊ केला. "रागावू नको मधु. तुझ्या आबाची जमीन कोळशाच्या खाणीत गेली, मोबदला आला. काय आलं घरी पहिले?"

मधुभाऊ उठलेच. "स्कॉर्पिओ आली! आली तर आली! आणि त्याच स्कॉर्पिओत बसून माहूरला कोण आलं होतं? पुढच्या सीटवर?"

"मीच आलतो."

"मग?"

"डिझेलबी मीच टाकलं होतं. दोन्हीकडचं."

मधुभाऊ खाली बसले. स्कॉर्पिओ विकून बरीच वर्षं झाली. शेत असतं तर आज... पण हे कोणी बोललं नाही. कट्ट्यालाही काही मर्यादा आहेत.

वातावरण निवळावं म्हणून मी पिलबरातल्या जुकान घळीचं काढलं. चूकच केली, कारण ते काही निवळणारं नव्हतं. मे २०२० मध्ये रिओ टिंटोनं खाण वाढवायला तिथल्या दोन गुहा उडवल्या. ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसं त्या जागी वावरत होती. आधीच्या उत्खननात तिथं माणसाच्या केसांची एक वेणी सापडली होती, चार हजार वर्षं जुनी. तपासली तर आज तिथं राहणाऱ्या मूळ लोकांशी नातं जुळलं.

"परवानगी नव्हती?" शकीलभाई.

"होती ना. १९७२ च्या कायद्यानं रीतसर दिलेली."

"मंग काय झालं?"

"बोंब झाली. कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाला जावं लागलं."

"गुहा?"

"गुहा कुठून येणार?"

मधुभाऊ म्हणाले, "मुलगा सांगत होता, आता फार काळजी घेतात." विलासभाऊंनी खर्रा थुंकला. हे उत्तर होतं की तसंच, सांगता येत नाही.

न्यायासाठी सांगतो, मधुभाऊंनी एक बाजी मारलीच. "एवढं बोलता विलासभाऊ, पण आपल्याकडच्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोकिंग कोळसा येतो कुठून? सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियातून. क्वीन्सलँडमधून. तुम्ही जन्मभर काढला त्या कोळशाचा कोक होतो का?"

विलासभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. "नाही होत," ते शेवटी म्हणाले. "आपला कोळसा विजेचा. राख जास्त." आणि मग जरा थांबून, "पण जळते चांगला."

हा मुद्दा मधुभाऊंना द्यावाच लागेल. त्यांनी तो पुरेपूर वसूल केला, पुढची दहा मिनिटं आम्ही क्वीन्सलँडच्या कोळशाची स्तुती ऐकली, जणू त्यांनीच तो टोपलीनं उचलला होता.

"तिकडे सरकारला रॉयल्टी किती?" शकीलभाईंनी मधेच विचारलं. "म्हणजे लोखंडाच्या खाणीवाला किती देते?"

"पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजावर साडेसात टक्के," बंटी.

हे ऐकून गजू ठेल्याच्या आतून बाहेर आला. हात पुसले, कानावरची पेन्सिल काढली. "मंग माही रॉयल्टी काढा. सकाळपासून कट्टा खोदून राहिले तुम्ही. जमीन माही, माल माहा, अन् मागच्या महिन्याची उधारी बी बाकी."

"साडेसात नाही जमत," विलासभाऊ ठामपणे म्हणाले. "अडीच. कायमचे."

"उधारी कोणाच्या नावावर आहे?" मधुभाऊंनी सावधपणे विचारलं.

गजूनं वही उघडली, बोट फिरवलं. "गुप्ताजी लिहू का मधुभाऊ?"

मधुभाऊंनी पाकीट काढलं. त्यात पर्थच्या बसचं कार्ड निघालं. शकीलभाई म्हणाले, टेकवून पाहा, नाही तरी गजूकडे क्यूआर कोड आहेच, आणि बंटीला इतकं हसू आलं की त्याच्या नाकातून चहा आला.